आजी पाणी का पीत नव्हत्या

नर्सिंग कॉलेजात बक्षिसांना तोटा नसतो. थिअरीत पहिली, प्रात्यक्षिकात पहिली, वर्षभर पूर्ण हजेरी, पोस्टर, रांगोळी, खो-खो. १२ मे हा फ्लोरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस. त्या आठवड्यात हॉलमधल्या टेबलावर कप मांडले जातात आणि त्यांत सगळ्यांत उंच कप असतो सर्वोत्कृष्ट विद्यार्थ्याचा. तो कुणाला जाणार हे निकालाचा तक्ता लागला की पोरांना कळलेलंच असतं. रुग्णाशी कोण कसं वागतं याचं बक्षीस मात्र आमच्या टेबलावर कधी नव्हतं. शपथेत ते असतं, पाहुण्यांच्या भाषणात असतं, भिंतीवरच्या सुविचारात असतं. मार्कांच्या रकान्यात नसतं.

मी नर्सिंगच्या मुलांना वॉर्डात शिकवते. वर्गात शिकवणाऱ्यांना मुलं बाकावर दिसतात, मला ती रुग्णाच्या खाटेशी दिसतात, आणि तिथे माणसाचा स्वभाव फार वेळ झाकून राहत नाही. आजोबांच्या अंगावरची चादर काढण्याआधी त्यांना सांगतं कोण, नाडी मोजता मोजता मैत्रिणीशी बोलतं कोण, थंडीच्या दिवसांत हात लावण्याआधी तळवे चोळून घेतं कोण. हे सगळं दिसायचं आणि वर्षाअखेर त्याला कुठेच जागा नसायची. म्हणून मी स्टाफ मीटिंगमध्ये विषय काढला, की एक बक्षीस फक्त रुग्णाला दिलेल्या मायेच्या सेवेसाठी असावं.

विरोध झाला, आणि तो वरवरचा नव्हता. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं असं की जे मोजता येत नाही त्याचं बक्षीस काढलं की मॅडमची लाडकी कोण आणि नावडती कोण एवढंच उरतं. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून आपण राउंडला आलो की पोरी रुग्णाच्या डोक्यावरून हात फिरवायला लागतील." तिसरा मुद्दा सगळ्यांत जड होता. कळवळा येणं आणि रुग्णाचं भलं करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आदल्याच वर्षी पहिल्या वर्षाच्या एका मुलीला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या बाईचं तोंड बघवेना. तिनं तिला कपभर दुधाचा चहा दिला. केसपेपरवर एनबीएम, म्हणजे तोंडावाटे काहीही नाही, असं ठळक लिहिलेलं होतं. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरलं तर जिवावर बेततं, म्हणून भूलतज्ज्ञांनी ऑपरेशन पुढे ढकललं आणि त्या बाईला उपासाची रात्र पुन्हा काढावी लागली. मुलगी मनानं चांगलीच होती. पण तिच्या चांगुलपणाचा भार रुग्णानं उचलला.

हा तिसरा मुद्दा मी पूर्ण मान्य केला, आणि त्यातूनच बक्षिसाची अट ठरली. "स्वभावानं प्रेमळ आहे," "नेहमी हसतमुख असते," अशी शिफारस चालणार नाही. एक प्रसंग लिहायचा. रुग्णाला काय होत होतं, विद्यार्थ्याच्या काय लक्षात आलं, त्यानं काय केलं, त्यानं रुग्णात काय फरक पडला. शिफारस करणाऱ्यानं ते स्वतः पाहिलेलं हवं.

ही कल्पना माझ्या डोक्यातून आली असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत डेझी पुरस्कार म्हणून आहे. १९९९ साली पॅट्रिक बार्न्स नावाचा ३३ वर्षांचा तरुण आयटीपीच्या गुंतागुंतीत गेला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स नष्ट करते. तो काही आठवडे रुग्णालयात होता. नर्सेसना त्यांचं काम येत असणार हे घरच्यांनी धरूनच चाललेलं होतं, पण त्या ज्या मायेनं पॅट्रिकशी आणि त्यांच्याशीही वागल्या ते त्यांच्या मनातून जाईना. तो गेल्यावर त्याच्या नावानं काय करावं याचा विचार करताना त्यांनी ठरवलं की नर्सेसचे आभार मानायचे. तिथून हा पुरस्कार उभा राहिला आणि अनेक देशांतल्या रुग्णालयांत पोचला. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठीही त्याचा वेगळा पुरस्कार आहे. त्यातली मला भावलेली गोष्ट एकच, की निवडीचा पाया म्हणजे रुग्णानं किंवा नातेवाइकानं सांगितलेला अनुभव. ज्याला ती सेवा मिळाली, त्यानं बोलायचं.

आपल्याकडे केंद्र सरकारचा राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून आहे. तो नोकरीतल्या परिचारिकांचा, आणि त्यांना तो मिळायलाच हवा. पण सवयी लागतात त्या विद्यार्थिदशेत. विशीच्या आतबाहेरच्या मुलीनं एखाद्या अनोळखी म्हातारीसाठी काही केलं आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, असं चार-सहा वेळा झालं की ती हळूहळू फक्त तक्ता भरायला शिकते. मी अशा मुली पाहिल्या आहेत. त्या वाईट नर्स होत नाहीत. वेळेवर औषध देतात, वेळेवर सही करतात. पण रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघणं त्यांनी सोडून दिलेलं असतं.

माहिती कुणाकडून घ्यायची यावर आम्ही बराच वेळ घालवला. शिक्षक राउंडला आले की वॉर्डातली सगळीच मुलं नीट वागतात. इनचार्ज सिस्टरना जास्त दिसतं, रात्रपाळीच्या स्टाफला त्याहून जास्त, आणि सगळ्यांत जास्त दिसतं ते मावशींना आणि मामांना. त्यांच्यासमोर कुणी चांगलं दिसायचा प्रयत्न करत नाही. मावशींना विचारायचं ठरलं तेव्हा मीटिंगमध्ये थोडी कुजबुज झाली. मी हट्ट सोडला नाही.

पहिल्या वर्षी ज्या मुलीची निवड झाली ती दुसऱ्या वर्षात होती. अभ्यासात वरच्या फळीतली, पण पहिली वगैरे नाही. बोलायला कमी. तेव्हा तिचं पोस्टिंग हाडांच्या आजारांच्या बायकांच्या वॉर्डात होतं.

तिथे एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. ओसरीवरून उतरताना पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठीक झालं होतं. सून घरी लेकरांपाशी, म्हणून दिवसा सोबतीला मुलगा. ऑपरेशननंतर आजी नीट जेवेनात, पाणी पिईनात, कुणी आग्रह केला की तोंड फिरवायच्या. राउंडला त्यांचं नाव निघालं की "कोऑपरेट करत नाहीत" एवढंच बोललं जायचं, आणि हे शब्द एकदा रुग्णाला चिकटले की पुढचा प्रत्येक जण त्याच चष्म्यातून बघतो. सलाईन बंद झालेलं. जीभ कोरडी. लघवी थोडी आणि गडद.

इनटेक-आउटपुट चार्ट हा विद्यार्थ्यांना सर्वांत कंटाळवाणा वाटणारा कागद. रुग्णाच्या पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं, ते मिलीलीटरमध्ये लिहायचं. बरेच जण तो दुपारी एकदम, अंदाजानं भरतात. हिनं खरोखर मोजला. आजींच्या तांब्यात सकाळी किती पाणी होतं, संध्याकाळी किती उरलं, त्यातलं मुलानं किती प्यालं, हे विचारून लिहिलं. दिवसभरात आजींच्या पोटात जेमतेम दीड ग्लास पाणी गेलं होतं. तिनं ते आकडे स्टाफ सिस्टरना आणि निवासी डॉक्टरांना दाखवले. डॉक्टरांनी तपासलं, रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, पाणी वाढवा म्हणाले. तिचं काम नियमानं इथे संपलं होतं.

ड्यूटी संपल्यावर ती आजींपाशी गेली. मुलगा घरी फोन करायला बाहेर गेला होता. ती खाटेच्या त्या बाजूला बसली जिकडे आजींचं तोंड होतं, म्हणजे मान वळवायला लागू नये. (नाइटिंगेलनं तिच्या छोट्या पुस्तकात नेमकं हेच सांगितलंय, की रुग्णाला मान वळवावी लागणार नाही असं बसा. आम्ही ते शिकवतो आणि परीक्षेनंतर ते विसरलं जातं.) तिनं पाण्याचा विषयच काढला नाही. घरी कोण कोण, नातवंडं किती, असं विचारत बसली. बऱ्याच वेळानं आजी खालच्या आवाजात म्हणाल्या, "पानी पेलं की ते उतरतंयच ना माय."

मग उलगडलं. वॉर्डाला मावशी कमी, आणि ज्या होत्या त्या एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे धावत होत्या. बेडपॅन लावायला दोन माणसं लागतात, म्हणून एकदा मुलालाच हात लावावा लागला होता. पडद्याची स्क्रीन होती एकच, ती पलीकडच्या टोकाला ड्रेसिंगसाठी. भरल्या वॉर्डात, उजेडात, पोटच्या मुलाच्या हातून ते झालं. आजी त्यावर कुणाशी बोलल्या नाहीत. त्यांनी पाणी बंद केलं.

त्या मुलीनं पुढे जे केलं ते मी क्रमानं लिहिते, कारण आमच्या शिफारशीत ते तसंच लिहिलेलं होतं. स्टोअरमध्ये कापड नसलेला स्क्रीनचा एक सांगाडा पडला होता. तो इनचार्ज सिस्टरना विचारून बाहेर काढला आणि त्यावर दोन चादरी सेफ्टी पिननं लावल्या. जाड बेडपॅनऐवजी चपटा बेडपॅन शोधून आणला, त्यासाठी कंबर फार उचलावी लागत नाही. दोन पायांत उशी ठेवून चांगल्या अंगावर कसं वळायचं, हे आजींना दुखणार नाही अशा बेतानं शिकवलं. वेळा ठरवल्या, आणि त्या वेळांना ती स्वतः मैत्रिणीला घेऊन यायची. मुलाला त्या वेळी चहाला पाठवायची, कारण न सांगता. रात्रीच्या ओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना रुग्ण सोपवतात तेव्हा, तिनं स्टाफला तोंडी सांगितलं आणि नर्सिंग केअर प्लॅनमध्येही लिहिलं, "बेडपॅनसाठी नातेवाइकास बोलावू नये. स्क्रीन लावणे." आणि चार्ट मोजत राहिली.

काही दिवसांत आजींचं पाणी दीड लिटरच्या वर गेलं. लघवी स्वच्छ झाली. त्या जेवू लागल्या, फिजिओथेरपीच्या सरांशी भांडायच्या त्या थांबल्या, वॉकर धरून उभ्या राहिल्या. हे सगळं एका पडद्यानं झालं असं मी म्हणत नाही, शस्त्रक्रिया उत्तम झाली होती आणि आजी मूळच्या काटक होत्या. पण पाणी सुरू झालं ते पडद्यामुळे, हे चार्टवर दिसतं.

मला मायेचा पुरावा म्हणून हा चार्ट फार मोलाचा वाटतो. आपल्या राज्यात नर्सेसच्या सेवेचं सर्वांत अचूक कौतुक मी कुठे वाचलं असेल तर ते न्यायालयाच्या निकालपत्रात. केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथेच हल्ला झाला आणि त्यानंतर १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत ती त्याच रुग्णालयाच्या खाटेवर होती. केईएमच्या नर्सेसच्या पिढ्यांनी तिला सांभाळलं, ज्यांनी कधी तिला चालताबोलताना पाहिलं नव्हतं त्यांनीही. दयामरणाच्या याचिकेवर २०११ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं या सेवेची वाखाणणी केली, आणि ती करताना एक गोष्ट नोंदवली की एवढ्या वर्षांत तिला एकही बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्यानं होणारी जखम, झाला नाही. ज्यानं अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ पुसली आहे त्याला त्या वाक्याचं वजन कळेल. दर दोन तासांनी कूस बदलणं, माकडहाड, टाचा, खुबे तपासणं, ओली चादर तात्काळ बदलणं, आणि हे दिवाळीतही, संपातही, पावसानं लोकल बंद पडल्या तरीही. प्रेमाबद्दल कितीही सुंदर वाक्यं लिहिता आली असती. निकालपत्रात कातडीबद्दलची साधी वस्तुस्थिती आली आणि तीच सगळं सांगून गेली.

धाडस लोकांना दिसतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी २० गरोदर बायकांना सुरक्षित खोलीत नेलं आणि त्यांचे जीव वाचवले, याची नोंद जगानं घेतली आणि योग्यच घेतली. बेडपॅनच्या वेळेला पडदा लावणं कुणाला दिसत नाही. तो लावतातच मुळी दिसू नये म्हणून.

आणि इथेच आमची खरी अडचण सुरू झाली. समितीत तिच्या नावावर कुणाचं दुमत नव्हतं. ज्या मॅडमना डोक्यावरून हात फिरवण्याची भीती वाटत होती त्यांनीच आधी नाव उचलून धरलं. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी सगळा प्रसंग लिहिला. आजींना आणि त्यांच्या मुलाला कार्यक्रमाला बोलवायचं, स्टेजवर आजींच्याच हातून कप द्यायचा, असंही आम्ही मोठ्या उत्साहानं ठरवलं.

मानपत्राचा मजकूर वाचून ती माझ्या केबिनमध्ये आली. बराच वेळ कागदाची घडी घालत, उघडत उभी राहिली. मग म्हणाली, "मॅडम, हे सगळं माइकवर वाचणार?"

मी हो म्हटलं.

"आजींनी ते मला एकटीला सांगितलंय. त्यांच्या मुलाला अजून माहीत नाही. तो समोर बसलेला असणार ना?"

मी काही बोलायच्या आत तिनं पुढचं वाक्य म्हटलं, "मग बक्षीस नको मला. दुसऱ्या कुणाला द्या."

त्या क्षणी माझ्या मनात तिच्याबद्दल जो आदर दाटून आला तो मला आजही शब्दांत नीट धरता येत नाही. आजीची लाज झाकण्यासाठी तिनं एवढी धडपड केली होती, आणि तिचं कौतुक करण्याच्या नादात आम्ही तोच पडदा भर सभेत बाजूला करणार होतो. आम्ही कुणीच, वीस-पंचवीस वर्षं या पेशात काढलेल्या बायका, त्या बाजूनं विचार केला नव्हता. रुग्णाच्या गोपनीयतेवर आम्ही व्याख्यानं देतो, त्यावर प्रश्न काढतो. एड्सचं निदान, गर्भपात, मानसिक आजार, अशा मोठ्या गोष्टी आमच्या उदाहरणांत असतात. एका शेतकरी म्हातारीनं आपल्या मुलापासून लपवलेला संकोच हाही तिचा खासगी ऐवज आहे, हे त्या उदाहरणांत नव्हतं.

शेवटी माइकवर वाचलं गेलं ते इतकंच, "एका वृद्ध रुग्णाच्या त्रासाचं कारण काटेकोर नोंदी ठेवून आणि संयमानं शोधून काढलं आणि रुग्णाचा मान राखून ते दूर केलं." आजींना बोलावलं नाही. हॉलमध्ये बेताच्या टाळ्या झाल्या. नेमकं काय झालं ते बहुतेकांना कळलं नाही आणि मला त्याची खंत नाही. कप तिनं घेतला, खाली उतरली आणि मैत्रिणींत जाऊन बसली.

मग मी हे इथे कसं लिहिते आहे? आजी पुढच्या तपासणीला ओपीडीत आल्या तेव्हा त्या मुलीनंच त्यांना विचारलं, की इतर नर्सेसना शिकवायला हे सांगितलं तर चालेल का. आजी म्हणाल्या, "माजं नाव नगं घिऊ, गाव नगं सांगू. बाकी सांग. दुसऱ्या बायांला तरी पडदा मिळंल." म्हणून नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. बाकी सांगते आहे.

आजींच्या बोलण्यातला शेवटचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांना कौतुकापेक्षा पडदा हवा होता. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स असावी. रात्री एका सिस्टरच्या भरवशावर चालणारे भरलेले वॉर्ड पाहिलेल्या माणसाला तो निकष किती लांबचा आहे हे ठाऊक असतं. विद्यार्थी शिकायला आलेले असतात, पोस्टिंग संपलं की दुसऱ्या वॉर्डात जातात. आजींचं दैव एवढंच की त्या आठवड्यांत ती मुलगी त्या वॉर्डात होती. माया करणाऱ्या मुलांना कप देऊन रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, आणि कुणी तसा अर्थ काढू लागलं तर हे बक्षीस बंद करा म्हणणारी पहिली मीच असेन. मेट्रन मॅडमनी मात्र त्यानंतर स्क्रीनची मागणी लेखी पाठवली आणि पाठपुरावा सोडला नाही. हाडांच्या वॉर्डात आता स्क्रीनसाठी थांबावं लागत नाही.

शिफारशीच्या फॉर्ममध्येही बदल झाला. शेवटी एक रकाना वाढवला, "हा प्रसंग सांगायला रुग्णाची परवानगी घेतली आहे का? कितपत?" त्या 'कितपत'चा आग्रह तिचा होता.

आणखी एक गोष्ट मला खटकत होती. पहिल्या वर्षी एकाही मुलाचं नाव आलं नव्हतं. आमच्याकडे नर्सिंगला येणारे मुलगे आता कमी नाहीत, पण वॉर्डात त्यांच्याबद्दल विचारलं की "उचलाउचलीला बरा आहे" एवढंच ऐकू येतं. माया शोधायची ती मुलींत, अशी आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांना सवय. यंदा आलेल्या शिफारशींत एक तिसऱ्या वर्षाच्या मुलाची आहे. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डातल्या रात्रपाळीच्या मावशींनी सांगितली आणि इनचार्ज सिस्टरनी लिहून घेतली. दोन्ही हात प्लॅस्टरमध्ये असलेल्या एका आजोबांची मुलगी बऱ्याच वर्षांनी भेटायला येणार होती. ती येण्याआधी त्या मुलानं आजोबांची वाढलेली दाढी करून दिली, मिशी त्यांना हवी तशी कातरली, आणि आरसा धरून तीनदा विचारलं की बरोबर झाली का. परवानगीच्या रकान्यात आजोबांनी सगळं सांगा म्हटलंय, नावासकट. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे.